आत्याचे विलायती पॅनकेक रबरासारखे होतायत, काय चुकतंय?

पेठेतला_पोरगा
मंडळी, जरा बघा. आमची आत्या नर्स होती, वीसेक वर्षं लेस्टरला काढली. तिथल्या घरमालकिणीनं शिकवलेले पॅनकेक ती सुट्टीला आली की करायची. आम्ही पोरं त्याला विलायती घावन म्हणायचो. आता ती ८१ वर्षांची, आमच्यातच असते, हात थरथरतात म्हणून गॅसपुढं जात नाही. तिच्या डायरीत एवढंच लिहिलंय: मैदा ४ औंस, अंडं १, दूध अर्धा पाइंट, चिमटीभर मीठ. वरनं लिंबू-साखर.

मोबाइलवर बघून अर्ध्या पाइंटाला २३६ मिली दूध घेतलं. तेही गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं, म्हशीचं. सगळं मिक्सरला चांगलं पाच मिनिटं फिरवलं आणि लगेच बिडाच्या तव्यावर घातलं. जाडजूड झाले, आणि चिवट. आत्यानं एक घास खाल्ला, ताटली सरकवली. "हे ते न्हवं." दोन रविवार हेच चाललंय. बेकिंग पावडर घालू का?

गूळ_खोबरं
एवढा खटाटोप कशाला? तांदळाचं पीठ घे, घावन घाल, गुळासंगं दे. कळणार बी नाही.

पेठेतला_पोरगा
८१ व्या वर्षी सुद्धा कळतं ओ तिला. तुम्ही येऊन बघा.

लिंबू_टिंबू
बेकिंग पावडर अजिबात नको, फुगतात ते अमेरिकन. इंग्लिश पॅनकेक पातळच, कडा जाळीदार.

पहिली गडबड मापाची. मोबाइलनं अमेरिकन पाइंट दाखवला. इंग्लंडचा पाइंट ५६८ मिलीचा, म्हणजे अर्धा २८४. मैदा ११३ ग्रॅम. तुमचं दूध जवळजवळ ५० मिली कमी पडलं, त्यात म्हशीचं दाट. २०० मिली दूध घ्या आणि उरलेलं पाणी. पीठ पळीवरनं सायीसारखं ओघळलं पाहिजे.

दुसरं, मिक्सर बंद. मैदा ओला करून जितका घुसळाल तितका चिवट होतो. मैद्यात खड्डा करून अंडं फोडा, मधनं कडेकडं ढवळत थोडंथोडं दूध सोडा. बारीक गुठळ्या राहिल्या तरी चालतंय. मग अर्धा तास झाकून ठेवा. पीठ मुरतं, चिवटपणा सैल पडतो.

बिडाचा तवा वाईट नाही, पण हा प्रकार तवा हातात धरून फिरवायचा आहे, मनगट जाईल. हलका फ्रायपॅन घ्या, चांगला तापवा, लोणी कागदानं पुसल्यासारखं लावा, अर्धी पळी पीठ घालून पटकन फिरवा. पहिला बिघडतोच, तो करणाऱ्यानं खायचा.

साखर मिक्सरला दोनच झटके, बारीक रव्याएवढी. पिठीसाखर नको, लिंबानं चिकट लगदा होतो. आणि आपलं कागदी लिंबू त्यांच्या लेमनपेक्षा आंबट, जरा जपून.

जाता जाता: तिकडं हे ईस्टरच्या ४७ दिवस आधीच्या मंगळवारी करतात. पुढं उपवासाचे दिवस, म्हणून घरातली अंडी-लोणी संपवायची. आपला आखाडच की, फक्त मटणाशिवाय. ओल्नी गावात त्या दिवशी बायका पॅनमधला पॅनकेक उडवत पळतात. शर्यत १४४५ पासनं चालू आहे असं सांगतात.

पेठेतला_पोरगा
आज केले. पहिला फाटला, मी खाल्ला. दुसऱ्यापासनं जमलं, कडेला तांबूस जाळी आली. उलथायला उलथनंच वापरलं, उडवायची हिंमत झाली नाही. आत्यानं काटा बाजूला ठेवला, हातानंच सुरळी केली, लिंबाचा रस मनगटावरनं ओघळला तो पदराला पुसला. तीन खाल्ले. काही बोलली नाही. चौथ्याला म्हणाली, "साखर भुरभुरायची असती, ओतायची न्हवं."

गूळ_खोबरं
पातळ, जाळीदार, कडा कुरकुरीत. घावनच की ओ!