मदत हवी आहे: साइड मिररच्या तीन तक्रारी, आख्खा आरसा बदलायचा का?

मंडळी, गाडीच्या आरशाने डोकं उठवलंय. जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा.

गाडी नऊ वर्षांची आहे. दोन्ही आरसे बटणावर हलतात, मिटतात आणि तापतात. ड्रायव्हरच्या बाजूचा झकास चाललाय. पलीकडच्याचं रडगाणं असं:

काच डावी-उजवीकडे वळते, वर-खाली मात्र ढिम्म हलत नाही. मोटरचा आवाजसुद्धा येत नाही. गरम करायचं बटण दाबलं की बटणातला दिवा लागतो, मागच्या काचेवरचं धुकं जातं, ह्या आरशावरचं जिथल्या तिथे. आणि गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये कोणीतरी आरसा ढकलून मिटवला होता, तो मी हातानेच उघडला. तेव्हापासून तो कडक बसत नाही, वेग वाढला की थरथरतो. बटणाने मिटवला तर अर्ध्यातच थांबतो.

गॅरेजवाल्याने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, आतलं सगळं गेलंय, आख्खा आरसाच बदला. असेलही. पण तीन गोष्टी एकदम कशा जातील? मुळात आत काय काय असतं हेच मला माहीत नाही. मल्टिमीटर आहे, जेमतेम वापरता येतो.

खटपट्या:
आत गंज धरला असणार. गंज सोडवायचा स्प्रे मारा भरपूर, दोन-तीनदा बटण दाबा, सुटेल.

तारवाला:
स्प्रे अजिबात मारू नका. आतले दाते प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांना ग्रीस लावलेलं असतं. तो स्प्रे आधी ग्रीस धुऊन काढतो. दोन दिवस बरं वाटतं, मग करकर सुरू.

आता मूळ प्रश्न. आरसा एक दिसला तरी आत तीन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. 'आतलं सगळं गेलंय' हे म्हणूनच मला पटत नाही.

काच हलवणारं यंत्र: काचेच्या पाठीमागे मधोमध गोळी आणि वाटीचा सांधा असतो, आपल्या खांद्यासारखा. काच त्यावर डोलते. दोन छोट्या मोटरी असतात, एक वर-खालीसाठी, एक डावी-उजवीसाठी. मोटर गरगर फिरते, दात्यांमधून वेग उतरत जातो आणि शेवटी आटे पाडलेली एक काडी पुढे-मागे सरकते. ती काचेची एक बाजू ढकलते किंवा ओढते, बस्स. काच टोकाला पोचली तरी बटण दाबून धरलं की टक-टक ऐकू येतं ना? तिथे नटाच्या लवचिक पाकळ्या आट्यांवरून घसरतात. तो बिघाड नव्हे, मोटर जळू नये म्हणून मुद्दाम केलेली सोय आहे. काच हाताने दाबून सरकवता येते तीही ह्यामुळेच.

वायरिंगची गंमत अशी की दोन मोटरींना चार वायरी लागायला हव्यात, पण बहुतेक ठिकाणी तीनच असतात. एक सामाईक. बटण फक्त धन-ऋणाची अदलाबदल करतं, मोटर उलटी फिरते. त्यामुळे लक्षणांवरून बरंच कळतं. काच वर जाते पण खाली येत नाही असं असेल तर मोटर निर्दोष, कारण मोटर तीच आहे. आधी बटण तपासायचं. मोटर ओरडते पण काच हलत नाही, तर आटे किंवा दाते गेले. तुमच्याकडे डावी-उजवी चालतंय, म्हणजे सामाईक वायर शाबूत. वर-खाली दोन्ही बंद आणि आवाज शून्य, म्हणजे ती मोटर तरी गेली किंवा तिच्याकडे जाणारी एकटी वायर तरी तुटली.

मला वायरीचा वास येतोय. एक सांगा, त्या बाजूचं दार उघडं ठेवून बटण दाबून पाहिलंय का?

धागाकर्ता:
बाप रे, एवढं सविस्तर! धन्यवाद. आत्ता मुलीला बटणापाशी बसवलं आणि मी पलीकडचं दार हळूहळू उघडत गेलो. साधारण अर्ध्यावर आल्यावर ती ओरडली, "बाबा, हलली!" काच बोटभर वर गेली. दार आणखी उघडलं की पुन्हा मेली. हे काय गौडबंगाल?

तारवाला:
गौडबंगाल काही नाही. दार आणि गाडीच्या खांबामध्ये बिजागरीपाशी रबराची नालीदार नळी असते, त्यातून दारातल्या सगळ्या वायरी जातात. दार हजारो वेळा उघडतं-मिटतं, दर वेळी त्या वायरी तिथेच वाकतात. आतलं तांबं तुटतं, वरचं प्लॅस्टिक तसंच राहतं, म्हणून बाहेरून काहीच दिसत नाही. एका ठरावीक कोनात तुटकी टोकं एकमेकांना भेटतात आणि काच हलते.

हीटरची वायरही तिथूनच जाते. माझा अंदाज, दोन्ही तक्रारी एकाच जागी आहेत. पण आधी हीटर तपासा, कारण तो खराब असेल तर वायर जोडून उपयोग नाही. काचेच्या पाठीला पातळ हीटर पॅड चिकटवलेलं असतं आणि त्याला दोन चपट्या पिना. त्या काढून पॅडचा रोध मोजा. पाचपासून पंधरा ओहमपर्यंत काहीतरी आलं तर पॅड जिवंत. मीटर अनंत दाखवत असेल तर पॅड तुटलं, ते दुरुस्त होत नाही, काचेसकट बदलायचं. आणि बटणातल्या दिव्यावर विसंबू नका. रिले, म्हणजे हीटरकडे वीज सोडणारा स्विच, लागला एवढंच तो सांगतो. पुढे काय तापलं, काय नाही, ह्याची त्याला खबर नसते. बरेचदा मागच्या काचेचा डीफॉगर आणि आरसे एकाच बटणावर असतात आणि काही मिनिटांनी आपोआप बंद होतात, तेव्हा इंजिन चालू ठेवून, बटण नुकतंच दाबलेलं असताना मोजा.

काच काढताना हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. आधी हेअर ड्रायरने जरा कोमट करा, क्लिपा थंडीत कडक होतात.

धागाकर्ता:
काच निघाली. पॅडचा रोध ९.६ ओहम. पिनांच्या वायरीवर बटण चालू असताना शून्य व्होल्ट. रबराची नळी मुठीत धरून हलवली की १३.८ आणि सोडली की पुन्हा शून्य!! अंगावर काटा आला खरं सांगायचं तर.

ओहमचा_पुतण्या:
मस्त. ९.६ ओहम म्हणजे १२ व्होल्टला बरोब्बर १५ वॅट, सव्वा अँपिअर. हाताएवढी पातळ काच तापवायला तेवढे पुष्कळ झाले.

एक पुस्ती जोडतो. पुढे मीटरवर १३.८ स्थिर दिसलं तरी फसू नका. वायरीचा एकच तंतू जोडलेला असला तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो जवळजवळ करंट ओढतच नाही. हीटरच्या वायरीला इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहा. दार पूर्ण उघडून-मिटून तो लख्ख पेटत राहिला तर जोड खरा. मात्र हा प्रयोग हीटरच्याच वायरीवर, दुसऱ्या कशावर नको. ज्या नव्या गाड्यांत दारातच कंट्रोल मॉड्यूल (छोटा संगणक) असतं आणि एका डेटा वायरवरून सगळे हुकूम जातात, तिथे बल्ब लावणं अंगाशी येईल.

तारवाला:
बल्बला अनुमोदन. जोडताना दोन गोष्टी. बॅटरी काढून ठेवा आणि पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका, ते सहसा एअरबॅगचे असतात. दुसरं, जिथे तुटली तिथेच डाग (सोल्डर) देऊ नका. डाग दिलेली जागा ताठ होते आणि वायर त्याच्या कडेला पुन्हा तुटते. वाकणारा सगळा भाग कापून नवी मऊ, बारीक तंतूंची वायर घाला. दोन्ही जोड नळीच्या बाहेर, न वाकणाऱ्या जागी येतील असं बघा.

रात्रपाळी:
सगळे वायरीच्या मागे लागलेत, थरथरीचं कोणी बोलेना. ती वेगळीच भानगड आहे आणि बहुतेक फुकटात सुटेल. मिटवणारी मोटर आरशाच्या बुंध्यात असते. ती आणि आरसा ज्याभोवती फिरतो तो खुंटा, ह्यांच्यामध्ये खाचा असलेली चकती जाड स्प्रिंगने दाबून धरलेली असते. धक्का लागला की खाचा एकमेकींवरून उडी मारतात, म्हणून आरसा मोडत नाही. पण मोटरला ह्याचा पत्ता नसतो. आपण कुठे आहोत हे तिला कळत नाही, टोकाला अडली की करंट वाढतो आणि आतलं छोटं सर्किट तिला बंद करतं. तुम्ही हाताने उघडला तेव्हा दोघांची फारकत झाली.

गाडी उभी करून बटणाने पूर्ण मिटवा, पूर्ण उघडा, लागलं तर दोन-तीनदा. अर्ध्यात थांबला तरी पुढचा हुकूम द्या. मध्येच एक जोरदार 'खट्' येईल. घाबरू नका, खाचा जागेवर बसल्या. मात्र दर वेळी सारखं कट-कट-कट येत असेल तर दाता मोडलाय.

धागाकर्ता:
उशिरा लिहितोय, क्षमस्व. रविवार त्यातच गेला.

दुसऱ्याच फेरीला 'खट्' आला, एवढा मोठा की शेजारी खिडकीतून डोकावले. आरसा आता कडक बसतो, थरथर गायब. नळी सरकवली तर आत दोन वायरी तुटलेल्या आणि तिसरीचं कातडं सोललेलं. तिघींना नवा तुकडा घातला. बल्ब लावून दार वीसेक वेळा उघडलं-मिटलं, बल्ब लुकलुकला नाही. काच वर-खाली होते आणि तापतेही.

आता माझा पराक्रम: काच परत बसवताना पाठच्या प्लेटची एक क्लिप तुटली. बाकीच्या घट्ट वाटतात. दुहेरी टेप लावून भागेल का?

तारवाला:
नको. काच तापली की टेप सैल पडते आणि आता तुमची काच तापते! तूर्त चालवा. आरशात मागची गाडी थरथरताना दिसायला लागली तर काच पाठच्या प्लेटसकट सुटी मिळते, तेवढीच घ्या. घेताना तापणारीच मागा, पाठीला दोन पिना आहेत का ते बघून.

धागाकर्ता:
अजून तरी थरथरत नाहीये. पिनांचं लक्षात ठेवतो.