महापुरात मोबाइलने आपल्याला सावध केले की गाफील?

कृष्णाकाठ : ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. तरीही '२००५ साली पाणी आमच्या दारात आले नव्हते' या भरवशावर कित्येक कुटुंबे घरातच थांबली. या भरवशाला मोबाइलने खतपाणी घातले, असे माझे मत आहे. 'पाणी उतरायला लागले' असे निनावी निरोप आणि कृष्णेवरच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या विसर्गाचे उलटसुलट आकडे यांच्या गर्दीत पाटबंधारे खात्याचा साधा तक्ता हरवून गेला. पुढे पुराची कारणे तपासणाऱ्या वडनेरे समितीने त्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडता येत नाही असा निष्कर्ष काढला, पण ग्रुपवर आजही पाऊस वाढला की आधी अलमट्टीचेच नाव निघते.

चिखलीकर : असहमत. २००५ ची खूण लोकांच्या मनात आणि भिंतींवर होती, तेव्हा तर व्हॉट्सअ‍ॅप जन्मलेही नव्हते. कोल्हापूरजवळच्या आमच्या प्रयाग चिखलीला पंचगंगेने वेढा घातला, तेव्हा पुण्यातल्या नातेवाइकांना छपरावरून पाठवलेल्या ठावठिकाण्यामुळेच आमच्या गल्लीकडे बोट वळली. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे बुडाली, ती क्षमतेपेक्षा जास्त माणसे तिच्यात बसल्यामुळे. पुरेशा बोटी नव्हत्या, हा दोष मोबाइलचा कसा? आणि मोबाइलवर पूर बघण्याचे म्हणाल, तर पुराचा तमाशा आपण आज सुरू केलेला नाही. नदी पात्राबाहेर पडली की 'पाणी बघायला' जाणे ही आपली जुनीच रीत आहे. नृसिंहवाडीत तर पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडले की त्यात स्नानाचा दक्षिणद्वार सोहळा होतो.

भोगावती : आपण दोघेही तारखेचा मुद्दा सोडून देत आहात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ दर पावसाळ्यात फिरतो, आणि तो गेल्या वर्षीचा की आजचा हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. एका दरवाजातून साधारण १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी सुटते. किती दरवाजे, केव्हापासून, हे कळले तरच कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी किती चढेल याचा अंदाज बांधता येतो. नुसता फेसाळता पांढरा झोत पाहून पहिल्या वर्षी माणूस घाबरतो, तिसऱ्या वर्षी हसून पुढे सरकवतो.

कृष्णाकाठ : बोटींबाबत चिखलीकरांचे म्हणणे मान्य. पण 'पाणी बघायला' जाण्याची तुलना पटत नाही. घाटावरून परतलेला शेजारी 'आत्ता तिसऱ्या पायरीवर आहे' असे सांगे, त्यात जागाही असे आणि वेळही. शिवाय तो खोटे बोलला, तर दुसऱ्या दिवशी त्याला आम्हाला तोंड दाखवावे लागे.

चिखलीकर : आणि मध्यरात्री, वीज गेलेली असताना, हा शेजारी घाटावर कसा जाणार होता?