मनगटाने संप पुकारलाय, डोळ्यांनी माउस चालतो का?

रकानेभर: आठ महिने उजवं मनगट दुखतंय. काम सगळं ऑनलाइन. स्कॅन केलेली बिलं बघायची आणि रकाने भरायचे, दिवसभर क्लिकच क्लिक. माउस डाव्या हातात घेतला, तर आता तोही कुरकुरतोय. आय ट्रॅकर, म्हणजे नजर टिपून कर्सर हलवणारं यंत्र, लावून हे काम होईल का? मला चष्मा आहे.

पापणी: दोन वर्षं वापरतोय. होतं, पण डोळा म्हणजे माउस नव्हे हे आधीच डोक्यात घ्या. ट्रॅकर म्हणजे स्क्रीनखालची एक पट्टी, ती डोळ्यावर इन्फ्रारेड (न दिसणारा) प्रकाश टाकते. बुबुळावर उठलेली चमक आणि बाहुलीचा मध्य यांवरून नजर कुठे आहे ते ताडते. अचूकता साधारण अर्धा ते एक अंश. ऐकायला भारी वाटतं, पण ६० सेंटिमीटरवरून एक अंश म्हणजे स्क्रीनवर जवळजवळ एक सेंटिमीटर! तुमच्या रकान्याच्या टोकाचा तो बारीक बाण त्याच्या निम्माही नसेल.

खरी गोची क्लिकची. नजर थोडा वेळ रोखली की क्लिक, अशी सोय असते, तिला ड्वेल म्हणतात. पहिल्याच आठवड्यात 'रद्द करा' या बटणाकडे बघून 'हे नाही दाबायचं' असं मनात म्हणतोय, तोवर भरत आणलेला फॉर्म गायब. वाचायला बघणं आणि दाबायला बघणं यातला फरक त्या पट्टीला कसा कळणार?

मग ड्वेल बंद केलं. आता नजरेने कर्सर आसपास न्यायचा, उरलेलं बोटभर अंतर मान किंचित हलवून, आणि क्लिक पायातल्या पेडलने. ब्राउझर १५० टक्के मोठा करून ठेवलाय. आणि रकान्यातून रकान्यात जायला कीबोर्डवरची टॅब कळ आहे की, तिथे डोळे कशाला शिणवता?

काजळरेघ: चष्म्याचं म्हणाल तर साध्या काचा बहुधा चालतात. माझ्या प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत दूरचा नि जवळचा नंबर असलेल्या) काचांनी मात्र छळलं. मान वर केली की कर्सर भलतीकडे. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा, उन्हातही इन्फ्रारेड असतंच. आणि खुर्ची सरकली की कॅलिब्रेशन, म्हणजे ट्रॅकरला तुमच्या नजरेशी जुळवून घेणं, पुन्हा, कंटाळा करू नका. विंडोज १० पासून आय कंट्रोल ही नजरेने संगणक चालवायची सोय आतच आहे, ट्रॅकर तेवढा वेगळा घ्यावा लागतो. अलीकडचा आयपॅड असेल तर आयपॅडओएस १८ पासून पुढच्या कॅमेऱ्यावरच ही सोय आहे, आधी त्यावर चव घेऊन बघा.

रकानेभर: घरात आयपॅड आहे, लगेच लावून पाहिलं. बटणं जमली. हे उत्तर मात्र डोळ्यांनी टाइप करायला बसलो आणि 'घरात'मधला 'घ' तीनदा 'ध' झाला. पुढचं सगळं बोलून लिहिलंय.

पापणी: बोलूनच लिहा. डोळ्यांनी अक्षरं टिपणं मीही पंधरा दिवसांत सोडलं. पेडल घेणार असाल तर जड बुडाचं बघा, माझं पहिलं टेबलाखाली पळत सुटायचं.