अनुभव धागा : आमच्या सहवासातल्या कॅरिबियन आजी

मागच्या महिन्यात बर्मिंगहॅमच्या हँड्सवर्थ भागात माझ्या आजेसासूबाईंचा दफनविधी झाला. जमैकातल्या सेंट एलिझाबेथ परगण्यात, लाल मातीच्या एका गावात त्यांचा जन्म झाला होता आणि नव्वदी ओलांडून त्या गेल्या. विधीच्या पत्रिकेत ‘कुटुंब आणि चर्च यांना वाहिलेले आयुष्य’ असे छापले होते. ते खोटे नाही. पण या दोहोंमधली रेघ त्यांच्या घरात नेमकी कुठे होती, हे पंधरा वर्षे नातसून म्हणून वावरूनही मला सापडले नाही. लग्नामुळे, नोकरीमुळे किंवा शेजारामुळे अशा एखाद्या आजीचा सहवास लाभलेल्यांनी आपले अनुभव इथे लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

त्या १९६१ साली इंग्लंडला आल्या. राष्ट्रकुलातून येणाऱ्यांवर निर्बंध घालणारा कायदा होणार, याची कुणकुण लागल्यामुळे तेव्हा बेटांवरून निघणाऱ्यांची रीघ लागली होती; तो कायदा १ जुलै १९६२ पासून लागू झालाही. रुग्णालयात त्यांना परिचारिकेच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घालण्यात आले आणि ती पात्रता जमैकात चालत नाही, हे त्यांना शिक्षण संपल्यावर कळले. पहिल्याच रविवारी त्या ज्या चर्चमध्ये गेल्या, तिथल्या पाळकांनी दारात त्यांचा हात हातात घेऊन, अत्यंत सौजन्याने, पुन्हा न आल्यास बरे होईल असे सुचवले. हा प्रसंग सांगताना त्या पाळकांच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करीत आणि स्वतःच हसत. त्यानंतर उपासना भरू लागली ती ओळखीच्या एका बाईंच्या बैठकीच्या खोलीत, रॉकेलच्या शेगडीभोवती.

त्याच खोलीत, शेवटच्या आमेननंतर, ‘पार्डनर’ चाले. ही आपली भिशीच. दर आठवड्याला प्रत्येकाने ठरलेली रक्कम द्यायची, तिला ‘हँड’ म्हणतात. आळीपाळीने एकाने सगळी उचलायची, तो ‘ड्रॉ’. आणि हिशेब ठेवणारी व्यक्ती ती ‘बँकर’. काळ्या माणसाला बँक सहजी कर्ज देत नव्हती आणि घरमालक खोली देत नव्हता, त्या दिवसांत कितीतरी कुटुंबांच्या घराचा इसारा या पैशांतून दिला गेला. आजेसासूबाई चाळीस वर्षे बँकर होत्या. त्यांची वही आणि बायबल एकाच पिशवीत असत. एखाद्याचा हप्ता चुकला, तर रविवारी त्या त्याच्यासाठी प्रार्थना करीत आणि सोमवारी त्याच्या दारात उभ्या राहत.

रविवारच्या जेवणाची तयारी शनिवारी रात्री राजमा भिजवण्यापासून होई. सकाळी तो नारळाच्या दुधात शिजवून त्यात तांदूळ, थाइम, पातीचा कांदा आणि अख्खी स्कॉच बॉनेट मिरची सोडायची; मिरचीचा वास भाताला लागला पाहिजे, पण ती फुटता कामा नये. झाकण काढताच त्या चमच्याच्या पाठीने मिरची हलकेच उचलून बशीत ठेवीत आणि देठ शाबूत आहे ना, ते बघत. एकदा ती माझ्या हातून फुटली. त्या काही बोलल्या नाहीत. तो भात चर्चच्या मंडळीतल्या तरुण मुलांच्या पानांत वाढला गेला, एवढेच.

*

पुण्याहून, पूर्वी सॅन फर्नांडो, त्रिनिदाद

वरचे वाचून मला माझ्या घरमालकीणबाईंची आठवण झाली. सारी गल्ली त्यांना ‘आजी’ म्हणत असे, आणि पहिल्या दिवशी ती हाक ऐकून मी चमकून मागे वळलो होतो. वडिलांच्या आईसाठी हा शब्द तिथे भोजपुरीतून रुजला आहे. १८४५ पासून करारावर आलेल्या मजुरांपैकी बहुतेक जण आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहार भागातले होते, तसेच आजींचे पूर्वजही. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने १८६८ पासून या मजुरांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. अशाच एका शाळेत आजींचे शिक्षण झाले होते. त्यांच्या चर्चचे नावच ‘सुसमाचार’ आहे, आपल्या शुभवर्तमानाचे सख्खे भावंड. तिथे त्या हिंदी भजने गात. अर्थ निम्माच कळत असे, पण उच्चार चुकलेला त्यांना खपत नसे.

मार्च १९७१ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत प्रथमच हरवले. तेव्हा त्यांचे यजमान भारताकडून आणि मुलगे वेस्ट इंडीजकडून असे घरात भांडण पेटले, आणि आजींनी रेडिओ बंद करून सगळ्यांना प्रार्थनेला बसवले. मी केलेली पुरणपोळी त्यांनी चाखून पाहिली आणि एवढ्या चांगल्या दालपुरीत गूळ का घातला, असे काळजीने विचारले.

*

टोरांटोहून

मी मूळची अहमदनगरची, मराठी ख्रिस्ती घरातली. ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजने ऐकत वाढलेली. त्यामुळे माझ्या जमैकन आजेसासूंच्या भक्तीने मी भारावून जावे, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मला ती कधीकधी जड वाटली, आणि तसे इथे लिहिणे योग्य वाटते.

कॅनडाने १९५५ साली जमैका आणि बार्बाडोसच्या स्त्रियांना घरकामासाठी आणण्याची योजना सुरू केली. वय १८ ते ३५, अविवाहित, मूलबाळ नाही, अशी अट होती. वर्षभर घरकाम केले की कायम राहण्याची परवानगी मिळे. आजेसासूंना एक मुलगी होती. अर्जावर त्यांनी ती लिहिली नाही आणि तिला आपल्या आईकडे ठेवून त्या निघाल्या. मुलीला आणायला नऊ वर्षे लागली. दरम्यान पिंपात भरून कपडे, साबण आणि डबाबंद खाणे गावी जात राहिले. ती मुलगी, म्हणजे माझ्या सासूबाई, सांगतात की त्यांना आईचा चेहरा आठवत नसे. पिंप उघडल्यावर येणारा साबणाचा वास मात्र आठवे.

पुढे दर रविवारी आजी मंडळीसमोर उभ्या राहून मुलगी परत मिळाल्याची साक्ष देत, आणि सासूबाई शेजारी हात मांडीवर घट्ट धरून बसत. माझ्या मते त्यांनी देवाला जे सांगितले, ते एकदा मुलीला सांगायला हवे होते. तरीही शेवटच्या आजारात रोज रात्री आईच्या केसांना तेल लावून वेण्या घातल्या, त्या सासूबाईंनीच.

*

लंडनहून

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या एक रुग्ण माँटसेराट बेटावरच्या प्लिमथ या गावच्या होत्या. जुलै १९९५ मध्ये तिथला सुफ्रिएर हिल्स ज्वालामुखी जागा झाला आणि ते गाव पुढे राखेखाली गेले. चालण्याचा व्यायाम करताना मी पावले मोजत असे. त्या मात्र चर्चमधली बाके मोजत आणि प्रत्येक बाकावर कोणते घराणे बसे, ते सांगत. नवव्या बाकापर्यंत आम्ही पोहोचलो होतो.

*

धागाकर्तीकडून

टोरांटोच्या ताईंनी लिहिले, ते बरे झाले. आमच्याकडेही जमैकात मागे राहिलेले एक मूल होते, आणि तो विषय घरात कोणी काढत नाही.

विधीच्या दिवशी यंत्राला बाजूला ठेवून घरच्या पुरुषांनी फावड्यांनी स्वतः माती लोटली, तशी तिकडची रीतच आहे. बायका काठाशी उभ्या राहून शेवटची ढेकळे पडेपर्यंत गात होत्या. माती थापून झाल्यावर मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी मला बाजूला घेऊन पार्डनरची वही कोणाकडे आहे, असे विचारले, कारण पुढच्या आठवड्यातला ड्रॉ त्यांचा होता. वही माझ्याकडे होती. या रविवारपासून हँड मीच गोळा करते आहे.