ऑनलाइन वर्गात मुलं बोलतच नाहीत, शिक्षकाने नेमकं काय करावं?

सातारकर_मॅडम
नोकरी करून बी.कॉम. करणाऱ्यांना संध्याकाळी ऑनलाइन सांख्यिकी शिकवते. पटावर ६० जण. व्हिडिओ वेळेवर टाकते, पीपीटी पाठवते, दर गुरुवारी थेट तास घेते. तासाला सगळ्यांचे कॅमेरे बंद, माइक बंद. ‘काही शंका?’ विचारलं की चिडीचूप. हजेरी चांगली असते, पण प्रमाण विचलनाचं (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं) गणित आलं की निम्मा वर्ग मार्क घालवतो. वरून सूचना आलीय, ‘एंगेजमेंट वाढवा.’ आणखी तास घेऊ? क्विझ वाढवू? मुलं नुसती पास होऊन चालणार नाही, त्यांना विषय कळायला हवा.

आकडेमोड
मॅडम, तास वाढवू नका. दिवसभर राबून आलेली माणसं आहेत ती. त्यांनी सोडवलेलं तुम्ही वाचणं वाढवा. दूरशिक्षणाचे स्वाध्याय पोस्टाने यायचे तेव्हापासून मी तपासत आलोय, म्हणून खात्रीने सांगतो.

तुमचंच गणित घ्या. नमुन्यातले आकडे ४, ६, ८, १०, १२. मुलगा उत्तर लिहितो २.८३. क्विझ लाल फुली मारून मोकळी होते. तुम्ही वही पाहिलीत तर दिसेल की सरासरी ८ बरोबर, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज ४० बरोबर, फक्त वर्गमूळ काढण्याआधी ५ने भागलंय. त्याला एवढंच लिहा: ‘४० पर्यंत अचूक आहे. हा नमुना आहे, म्हणून ४ने भागून बघा, काय येतं ते कळवा.’ तो ३.१६ लिहून पाठवेल, आणि जमलं तर ‘४नेच का?’ असंही विचारेल. मुलगा शिकतो तो इथे. ही ओळ दोन दिवसांत गेली पाहिजे. तीन आठवड्यांनी गेली तर तो पुढच्या धड्यात अडकलेला असतो.

आणि ‘काही शंका?’ विचारणं सोडाच. ज्याला कळलं नाही त्याला शंका तरी कुठली सुचणार? त्याऐवजी छोटं उदाहरण द्या. उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवायला सांगा, ‘आता’ म्हणाल तेव्हा सगळ्यांनी एकदम पाठवायचं. कुणी एकटा उघडा पडत नाही आणि वर्ग कुठे चुकतोय ते तुम्हाला तिथेच दिसतं.

परदेशी_पाटी
सरांना अनुमोदन. मी अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजात ऑनलाइन कोर्स बांधणीचं काम करते. इथे तर हा कायद्याचा भाग आहे. जुलै २०२१पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमात ‘नियमित आणि आशयपूर्ण संवाद’ म्हणजे काय ते लिहून दिलंय: प्रत्यक्ष शिकवणं, कामावर अभिप्राय, विषयाच्या प्रश्नांना उत्तरं, गटचर्चा चालवणं, अशांपैकी किमान दोन गोष्टी हव्यात. संपर्क मुख्यतः विद्यार्थ्याच्याच पुढाकाराने होत असेल, तर तो कोर्स पत्रद्वारा शिक्षणात धरला जाऊ शकतो आणि सरकारी आर्थिक मदतीवर त्याचा परिणाम होतो. कोण मागे पडतंय यावर लक्ष ठेवून शिक्षकाने आपणहून विचारायचं, हेही त्यात आहे. ‘छान!’ किंवा ‘सबमिट केल्याबद्दल आभार’ हा आशयपूर्ण संवाद नव्हे, असं मी इथल्या शिक्षकांना सतत सांगते.

रात्रपाळी
विद्यार्थिनी म्हणून लिहिते. मी नर्स आहे, वॉर्डातून सुटल्यावर रेकॉर्डिंग बघते. आमच्या घरात एकच खोली, सासूबाई झोपलेल्या असतात, कॅमेरा कसा लावणार? एका कोर्सच्या सरांनी माझ्या उत्तरावर लिहिलं होतं, ‘औषधाच्या मात्रेचं तुमचं उदाहरण पुढच्या तासाला वापरू का?’ त्या कोर्सचा एकही स्वाध्याय मी चुकवला नाही. बाकी कोर्समध्ये मी आहे की नाही हे कुणाला ठाऊक असेल असं वाटत नाही.

सातारकर_मॅडम
सगळ्यांचे आभार. पण सर, ६० वह्या दोन दिवसांत? दिवसा माझे कॉलेजचे तास असतात.

आकडेमोड
साठही नकोत. दर आठवड्याला १२ जणांना हाताने लिहा, पाच आठवड्यांत पट पूर्ण होतो. कुणाची पाळी कधी ते आधीच जाहीर करा. उरलेल्यांच्या वह्या वरवर चाळा आणि जी चूक सगळीकडे दिसते तिच्यावर दोन मिनिटांचा ऑडिओ ग्रुपवर टाका. पहिल्या बारांत हुशार मुलं घेऊ नका. ज्यांचे लागोपाठ दोन स्वाध्याय आलेच नाहीत, त्यांना आधी फोन करा.