चेंबरमधला हिरवा गाळ आणि गुरुवारची हळद

पाटील काका (ए-१): कुलकर्णी सर, चेंबरमधनं आज परत हिरवा गाळ निघाला. रविवारच्या साखरपुड्याचा डेकोरेशनवाला पैसे घेऊन गेला आणि त्याचे स्पंजचे ठोकळे आमच्या मोरीच्या तोंडाशी ठेवून गेला. साफ करणाऱ्याला ८०० रुपये मी दिलेत. ते कोण देणार?

शहाणे (बी-३०२): काका, आपण सहकुटुंब आला होता. बासुंदी दोनदा घेतलीत. तेव्हाच सांगायचं की.

पाटील काका: बासुंदीचा आणि चेंबरचा काय संबंध? ८०० रुपये.

ओंकार (सी-४०३): बासुंदीची पाइपलाइन वेगळी आहे 😄

मृणाल (सी-२०१): तो स्पंज नाही काका, फ्लोरल फोम, फुलांचे देठ खोचायचा. फिनॉल-फॉर्मल्डिहाइड या प्लास्टिकचा असतो. विरघळत नाही, कुजत नाही, बोटानं दाबला तरी भुकटी होते. कमान उतरवल्यावर पोरांनी ठोकळे चुरून मोरीत टाकले आणि वर नळ सोडला. मी गॅलरीतनं बघितलं.

शहाणे: बघितलंत तर ओरडायचं ना वहिनी.

मृणाल: ओरडले. तुमचा डीजे चालू होता.

कुलकर्णी सर (सेक्रेटरी): कृपया भाषा जपावी 🙏 गुरुवारी जोशींच्या लेकीची हळद पार्किंगमध्ये आहे. इथून पुढे सोसायटीत फोम नको, असं सुचवतो.

जोशी काकू (बी-१०१): म्हणजे आमच्या वेळीच नियम! शहाण्यांकडे कमान झाली, सेल्फी पॉइंट झाला. आम्ही काय नुसत्या झेंडूच्या माळा सोडायच्या?

पाटील काका: ८०० रुपये कोण देणार, यावर कुणीच बोलत नाही.

मृणाल: काकू, फोमशिवाय जास्त छान होतं. लंडनच्या चेल्सी फ्लॉवर शोमध्ये २०२१ पासून फोम बंद आहे, तरी तिथली आरास बघा.

पाटील काका: लंडनचं राहू द्या. ए विंगच्या चेंबरचं बोला.

मृणाल: बोलते. तुमच्याकडची पितळी घंगाळी काढा काकू. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी हातभर कापायची, सैल चुरगाळून घंगाळात बसवायची, वरनं काठाला तारेची फुली बांधायची. देठ जाळीच्या दोन थरांत अडकतो, हलत नाही. खाली पाणी. लग्न झालं की जाळी धुऊन परत वापरा. उभ्या आराशीला केळीचा खांब. मुळात ओला असतो. सळईनं तिरकी भोकं पाडून गुलाब, शेवंती खोचायची. जरबेरा तसाच खोचू नका, देठ पोकळ असतो, मान टाकतो. त्याला पारदर्शक स्ट्रॉ चढवतात.

ओंकार: काकांच्या मानेला पण एक स्ट्रॉ 🙈

ओंकार: (हा मेसेज डिलीट केला गेला)

पाटील काका: वाचलंय मी. तुझी बुलेट माझ्या खिडकीखाली लागते हे लक्षात ठेव.

शहाणे: वहिनी, एवढं माहीत होतं तर आमची कार्नेशन संध्याकाळपर्यंत मिटली का? फोम तर होता.

मृणाल: दोन कारणं. एक, ठोकळा पाण्यावर नुसता सोडायचा, तो आपला आपण बुडतो. तुमच्या माणसानं दाबून बुडवला. तसं केलं की आत हवा राहते, मध्ये कोरडाच, देठाला पाणीच नाही. दोन, फळांच्या परड्या. पिकलेल्या केळ्यातनं इथिलीन नावाचा वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही, पाकळ्या आत वळतात. तुमच्या टेबलावर घड फुलांना टेकून होता.

शहाणे: म्हणजे चूक केळ्याची. बरं.

जोशी काकू: रुखवतात पाच फळं लागतातच हो.

मृणाल: लागू देत, दुसऱ्या टोकाला ठेवा. आणि रात्री फुलं फ्रीजमध्ये सफरचंदांशेजारी कोंबू नका. देठ तिरके कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, बादलीत उभी ठेवा. मोगरा मात्र ओल्या फडक्यात.

मगदूम अण्णा (ए-३०१): आमच्या शेतातनं हळदीची पानं आणतो की. लई रुंद असत्यात. हळदीला हळदीचीच पानं, झकास दिसंल.

मृणाल: अण्णा, भारीच! दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवली की ताठ राहतात. गुंडाळी करून जाळीत खोचते.

कुलकर्णी सर: सांगलीत राहून हे आधी सुचलं नाही कुणाला!

मगदूम अण्णा: पण बांधाकडचीच देणार. मधली तोडली तर कंद पोसत न्हाई. मागं गणपतीत कोणीतरी न विचारता बरीच तोडली हुती. नाव घेत न्हाई.

शहाणे: अण्णा, विचारलं होतं. तुमच्या धाकट्याला.

मगदूम अण्णा: त्यो काय मालक हाय का?

जोशी काकू: अहो, माझ्या मुलीची हळद चाललीय 🙏

पाटील काका: ८००.

कुलकर्णी सर: काका, ८०० पैकी ४०० सोसायटी, ४०० शहाणे. मंजूर?

शहाणे: २०० आणि जावईबापूंचा फोटो.

जोशी काकू: मृणाल, जाळी कुठे मिळेल गं? दोन घंगाळी आहेत, एकाला चीर आहे.

मृणाल: मार्केट यार्डाकडच्या हार्डवेअरवाल्यांकडे बघा. चीर असलेल्यात आत प्लास्टिकचा डबा बसवू. बुधवारी संध्याकाळी कोण कोण येणार देठ कापायला? कात्री स्वतःची आणा, मागच्या वेळची माझी अजून परत आलेली नाही.

ओंकार: मी येतो. बुलेट कुठे लावू?