भांग, डोल, उलांडी, वलांडी: किनाऱ्यावरच्या शब्दांचा घोळ

शब्दवेचा:
पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या मासेमारीच्या शब्दांची सूची करतोय. सगळं 'कोळी बोली' अशा एकाच रकान्यात टाकलं होतं, पण मेळ बसत नाही. 'भांग'चा अर्थ एकीकडे ओहोटी दिलाय, दुसरीकडे लहान भरती. 'डोल', 'खोला' हे सातपाटी-वसईच्या यादीत आहेत, मालवणच्या यादीत त्यांच्या जागी 'रापण' दिसते. एकाच जाळ्याची दोन नावं धरू का? आणि 'उलांडी'-'वलांडी' हा नुसता उच्चारभेद समजून एकत्र केले तर चालेल?

खुंटावरचा:
शेवटचं आधी सांगतो, कारण चूक तिथेच मोठी होईल. उलांडी म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला आडव्या दांड्यांवर बांधलेलं लाकूड. वलांडी म्हणजे बोंबील वाळवायचा बांबूचा मांडव. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते तिच्या दोरीवर टांगतात. बोंबलात पाणीच फार, त्यामुळे एखादी अवेळी सर आली की माल मऊ पडतो आणि नासतो. दोन्ही शब्द वेगळे ठेवा.

भांग म्हणजे ओहोटी नव्हे. उधाणाच्या उलट तो भांग. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाण जोरात असतं, अष्टमी-दशमीच्या सुमारास भांग. भांगात भरती कमी चढते आणि ओहोटीही कमी उतरते, म्हणून तुमच्या दोन्ही याद्यांना अर्धंच कळलंय.

डोल हा शब्द याच्याशी बांधलेला आहे. हे पिशवीसारखं लांब, निमुळतं जाळं. तोंड प्रवाहाकडे करून ते समुद्राच्या तळात ठोकलेल्या खुंटांना बांधतात. मासा ओढून आणायचा नसतो, पाणीच त्याला आत लोटतं. तोंडाशी आस (जाळ्याचं भोक) मोठा, मागे मागे बारीक होत जातो, आणि शेवटची टोकाची पिशवी तो खोला. भांगात ओढ मंद असते, जाळं फुगत नाही, म्हणून डोलकरांचा हिशोब तिथीवर चालतो. पाणी थांबतं तेवढ्या वेळात खोला उचलायचा. उशीर झाला की प्रवाह उलटतो, जाळं पिळतं आणि आलेला जवळा-बोंबील तोंडावाटे परत जातो.

पुळणीवरून:
रापण हे डोलीचं दुसरं नाव नाहीच. रापणीत दोराचं एक टोक पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) ठेवतात, होडी जाळं सोडत अर्धवर्तुळ घेते आणि दुसरं टोक घेऊन किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोर माणसं ओढतात. एक बाजू मागे राहिली की मासा तिथून निसटतो, खालचा दोर तळावरून उचलला गेला तर खालून. तळाला खडप (खडकाळ जागा) असेल तर जाळं फाटतं, म्हणून रापणीची जागा ठरलेली असते. कामही एकट्याचं नसतं, त्यामुळे 'वाटा' (मिळकतीतला हिस्सा) आणि 'रापणकार' हे शब्द तिच्यासोबतच नोंदवा.

दक्षिणेला डोलीचे शब्द का कमी, याचं उत्तर पाण्यात आहे. मुंबईकडे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या आसपास जातो, मालवणात तो साधारण निम्मा. पाण्याला तेवढी ओढच नसेल तर डोल बांधून उपयोग काय?

शब्दवेचा:
म्हणजे रकाने गावाप्रमाणे करायला हवेत. माशांच्या नावांनाही हेच लागू करू का? आणि तिथीवरून भरतीची वेळ काढायची रीत सूचीत द्यायची आहे.

खुंटावरचा:
तिथीचा आकडा पाऊणपट करा. अष्टमीला ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती, बाराला ओहोटी. पक्ष बदलला की मोजणी पुन्हा १ पासून. तासभर इकडेतिकडे होतंच, आणि खाडीत आत जावं तसं पाणी उशिरा चढतं. होडी काढायची तर छापील भरतीचं कोष्टकच बघा.

पुळणीवरून:
माशांना गाव जोडाच. मुंबईची मुशी (लहान शार्क) मालवणात मोरी, कोळंबी ती सुंगटां, चिंबोरी ती कुर्ली. हे सोपे. अवघड जागा सरंग्याची: मालवणात 'सरंगो' म्हणजे पांढरं पापलेट, पण काही बाजारांत हलव्यालाही (काळ्या पापलेटला) सरंगा म्हणतात. नावावर न जाता शेपटीच्या बुडाशी बोट फिरवा. कडक खवल्यांची रेघ लागली तर हलवा.

'सोडे' माशांच्या रकान्यात घालू नका, ती सोलून वाळवलेली कोळंबी. जवळा मात्र जातीनेच बारीक असतो, तो कोळंबीचं पिल्लू नव्हे. ताज्या जवळ्याला उत्तरेकडे कोलीम म्हणतात. आणि 'कालवं' म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले. 'कालवण' त्याच्या शेजारी अकारविल्हे आलं तर वाचणारा हमखास फसतो.